तू गजूच्या अंगात आली नव्हतीस

अनसे, बाकीचं मागून. आधी हे ऐक, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. तुझा गजू जिवंत आहे. तुला आग देऊन आला आणि तिसऱ्या दिवशी तुझ्याच मागं निघाला होता. वळवून आणला. कसा आणला ते सांगते, पण मधे बोलू नको. जन्मभर मला एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस, आता तरी करू दे.

तेरवी झाली तुझी. बुंदी चांगली झाली होती म्हणतात लोक. आपल्या नणंदेनं, सोनाबाईनं, दोनदा वाढून घेतली आणि वर म्हणाली, "धाकटी वहिनी असती तर पाक असा पातळ होऊ दिला नसता." तेव्हा मला तू गेल्याचं खरं खरं कळलं बघ. कारण तिला उत्तर द्यायला तू नव्हतीस. मी बोलते पुष्कळ, सगळं गाव म्हणतं थोरलीचं तोंड मिटत नाही. पण समोरच्याला लागेल असं बोलणं हे तुझं काम होतं.

आपलं अंगण एक. मधे शेळ्यांचा गोठा, अलीकडं मी, पलीकडं तू. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, आणि दोघंही पिणारे. माझ्याची सुटली, तुझा गेला. मग तुझं पोरगं त्याच वाटेला लागलं आणि आपलं भांडण सुरू झालं, ते तू गेलीस तरी मिटलं नाही. उन्हाळ्यात शिजवलेली हळद अंगणात वाळत घातली की आपण दोघी राखत बसायचो. सकाळी सुरू झालेलं भांडण ऊन उतरेपर्यंत चालायचं.

मी म्हणायचे, "अनसे, हा आजार हाय गं. पोराला दवाखान्यात दाखवू."

"कशाचा आजार? कावीळ कोणी पैसे देऊन इकत घेतंय काय, अक्का? ताप कोणी उधार मागून आणतंय काय? आजारी माणसाला खाटेवर घालून न्यावं लागतं. ह्यो तर सोताच्या पायानं दुकानात जाऊन राहिला."

मी हळकुंडं उलटीपालटी करायचे. मग तू दुसरा दगड हाणायचीस.

"अन् दादांनी सोडलीच की! त्यांनी कोणता दवाखाना केला? मनावर घेतलं, सोडली. ह्याच्या मनातच न्हाई."

दादा म्हणजे आमचे मालक. त्यांची गोष्ट गावातल्या प्रत्येक बाईनं आपल्या पिणाऱ्या नवऱ्याला ऐकवलेली. बघा, मर्द असावा तर असा. मी तुला किती वेळा सांगितलं, अगं, मनावर कुठं घेतलं? कावीळ झाली, मरता मरता वाचले, आणि त्यानंतर नुसत्या वासानं त्यांना उलटी व्हायला लागली. शरीरानं नको म्हणलं. मन तर अजून मागतंय. दुकानावरून जाताना मान फिरवतात ते काही रागानं नाही, भीतीनं. तर तू मला म्हणालीस, "नवऱ्याचा मोठेपणा सोसंना तुला." आणि मग कितीतरी दिवस माझ्याकडं विरजणसुद्धा मागितलं नाहीस.

आणि त्या वस्तूचं नाव तू कधी घेतलं नाहीस. 'ती घाण' म्हणायचीस. नाव घेतलं की घरात येते, अशी तुझी समजूत. शाळेची लेकरं व्यसनमुक्तीची फेरी घेऊन आली होती, घोषणा देत, तर त्या बिचाऱ्यांनाही झाडू घेऊन हाकललंस. "ते नाव माझ्या दारात वरडू नका रे!" मास्तर समजवायला गेले की हे सोडण्यासाठीच आहे, तर म्हणालीस, "मग नाव न घेता सोडवा."

हसायला येतंय आता. तेव्हा मास्तरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पण अनसे, जी गोष्ट आपण दोघींनी एकमेकींपुढं कधी धड काढली नाही, ती आता काढते. तुझ्या मालकाची. किसनभाऊजींची.

गजू तेव्हा शाळेत जात होता. तू हट्टानं भाऊजींना नरसीच्या देवाला नेलंस आणि गळ्यात तुळशीची माळ घातलीस. आमचे हे आणि मी जोडीला होतो. येताना एसटीत तू खिडकीला अशी बसली होतीस, जणू नवरी निघाली सासरला. भाऊजी आपले माळेला सारखा हात लावून बघत होते. आणि खरंच त्या दिवसापासून त्यांनी शिवली नाही. मग हात कापायला लागले. अंग घामानं निथळायचं. भिंतीवरच्या मुंग्या वेचायला लागले, आणि भिंतीवर मुंगी नव्हती. मग आकडी आली. आपण नाकाला कांदा लावला, चप्पल लावली. जीप दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं.

गाव म्हणालं, चोरून प्याला असंल, माळेनं धरला. तूही तेच धरून बसलीस.

पुढं आमच्या ह्यांना कावीळ झाली तेव्हा दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कोणी पितं का. मी सांगायला लागले की थांबत नाही, तुला माहीत आहे. सगळं सांगितलं. माळेचं, मुंग्यांचं. ते म्हणाले, "बाई, तुमचा दीर चोरून प्याल्यानं गेला नाही. एकदम बंद केल्यानं गेला. इतकी वर्षं सवयीचं झालेलं शरीर असं एकदम तोडायचं नसतं. दवाखान्यात ठेवून, औषध देऊन सोडवायचं असतं."

मी केवढ्या आनंदानं आले गं तुला सांगायला! वाटलं, तुझ्या मनावरचा दगड उतरेल. नवऱ्यानं तुला फसवलं नव्हतं, माळेला बट्टा लावला नव्हता. तू शेळीची धार काढत होतीस. ऐकलंस, आणि हात थांबला.

"म्हणजे मी मारलं त्यायला?" म्हणालीस. "माळ घालायला मीच नेलं व्हतं."

"तसं न्हवं गं."

"मग कसं?"

चरवी तिथंच ठेवून तू उठून गेलीस. त्या दिवसापासून 'आजार' हा शब्द आपल्या अंगणात आला की आग लागायची. मला आपलं वाटायचं तू गजूवरून भांडतेस. उशिरा उमगलं, आजार मानला असतास तर किसनभाऊजींचं मरण तुझ्या पदरात पडत होतं. म्हणून तू मर्जीच धरून बसलीस. पोरानं मनात आणलं की सुटेल, त्याच्या बापाचं मन कच्चं होतं, बस. घट्ट धरून बसलीस, आणि त्याच घट्टपणानं गजूलाही धरलंस. सूनबाई लेकराला घेऊन वसमतला भावाकडं गेली ती आलीच नाही, तरी तू म्हणायचीस, "मनात आणू दे, आणीन मी तिला परत."

आणि ते एक वाक्य. "प्यालेल्या हातानं मला आग लावायची न्हाई, गजू. सांगून ठेवते."

तू गेलीस त्या दिवशी तो हळदीच्या पॉलिशवर होता. हळकुंडं घासायच्या ड्रमवरून तसाच पळत आला, कोपरापर्यंत पिवळा. तुला बघितलं, आणि रडायच्या आधी हौदाकडं गेला. तोंड धुतलं, चूळ भरली, पुन्हा भरली, राखेनं दात घासले. माझ्यापुढं येऊन वाकला.

"मोठीमाय, वास येतो का?"

येत होता. सकाळची घेतलेली. मी म्हणलं, "न्हाई रे बाळा."

त्यानंतर त्यानं थेंब घेतला नाही. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी धरलं नव्हतं. खांद्यावर मडकं घेतलं तेव्हा पाणी डचमळून अंगावर सांडत होतं. लोक म्हणाले, दुःखानं हात कापतोय. दुसऱ्या दिवशी तर गाव नुसतं तुझं कौतुक करत होतं. भावकीतले बापूराव माझ्यापुढं बसून म्हणाले, "थोरल्या वहिनी, धाकट्या वहिनी गेल्या पण पोरगं सुधरवून गेल्या. ह्याला म्हणतात मायचा शब्द."

मलाही अर्धा दिवस बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मनात म्हणलं, अनसे, जिंकलीस बाई. मग त्याला चहा दिला. कप ओठापर्यंत जाईना. सगळा चहा छातीवर. कपाळावर घाम असा, जणू भट्टीपुढं बसलाय.

मी ह्यांच्याकडं बघितलं. म्हणलं, "किसनभाऊजींचं आठवतं का?" ह्यांनी मान फिरवली.

गजूला म्हणलं, "पोरा, दवाखान्यात चल."

"काहून? माय म्हणायची, मनात आणलं की सुटती. आणलंय मी मनात. तू आडवी येऊ नको, मोठीमाय."

"मनात आण की, कोण नको म्हणतंय? औषध घेऊन आण."

"आग दिलेल्या माणसाला दहाव्यापर्यंत गावची शिव वलांडता येत न्हाई," म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून पडला.

तिसऱ्या दिवशी सकाळी कयाधू नदीच्या काठावर तुझी राख सावडली. तो उभा राहिला, सगळं केलं. घरी आलो, माणसं अंगणात टेकली. आणि गजू एकदम ताठ बसला. गोठ्याकडं बघून ओरडायला लागला, "सुटल्या! सुटल्या! चांदे, हुर्रर्र, ये गं माझे बाय, ये, तुझ्या मायला लांडगा न्यावा तो, ये..." शेळ्या दाव्याला होत्या, अनसे. एकही सुटली नव्हती. पण तो तुझाच बोल होता. तीच शिवी, तोच सूर, शेवटी गळा चढवायचा तसाच. जन्मल्यापासून ऐकत आलेला तो.

सोनाबाई किंचाळली, "वहिनी आली!"

मग काय विचारतेस? त्याला पाटावर बसवलं. कुंकू लावलं त्या मुंडन केलेल्या डोक्याला. कोणी ऊद पेटवला, कोणी लिंबू कापलं. बायांनी पदर घेतले. बापूराव, ज्यांचे पाय हा पोरगा दसऱ्याला शिवतो, ते हात जोडून त्याच्यापुढं वाकले. "वहिनी, काय राहिलं तुमचं? कशात जीव अडकला?"

गजू दंडावरच्या मुंग्या वेचत होता. एक एक वेचून पाटाखाली ठेवत होता.

सोनाबाई पुढं सरकली. "वहिनी, चांदी शेळी मला देते म्हणाली व्हतीस. सांग सगळ्यायपुढं."

हसू का रडू कळेना. आणि तुला सांगते, एक पळभर मलाही वाटलं. तू आलीस. इतकी तूच होतीस ती. मी उठलेसुद्धा. तुझ्याजवळ येऊन बसावं, विरजणाचं विचारावं, काहीही विचारावं. इतक्या लवकर का गेलीस हेच विचारावं.

बापूरावांनी पुन्हा विचारलं, "बोला वहिनी, काय पाहिजे तुमाला?"

गजूचे दात वाजत होते. म्हणाला, "दारू."

ऊदाचा धूर तेवढा हलत होता.

"दारू?" बापूराव सोनाबाईकडं बघायला लागले. "वहिनी दारू मागून राहिल्या?"

"मेल्यावर मन बदलत असंल माणसाचं," सोनाबाई म्हणाली.

"मग आणा कोणीतरी. मेल्या माणसाची इच्छा ठेवू नये." आणि एकजण खरंच दुकानाकडं निघाला गं!

माझ्या अंगात कुठून आलं माहीत नाही. मी ओरडले, "बसा खाली सगळे! ही अनसा न्हाई. माझ्या जावेनं जन्मात त्या घाणीचं नाव तोंडातून काढलं न्हाई, अन् आता पाटावर बसून मागंल? शरम धरा काही! हा गजू हाय. हात लावून बघा, अंग कसं पोळतंय. किसनभाऊजी असेच मुंग्या वेचत गेले. गाडी काढा."

बापूराव माणूस वाईट नाही, पण ते आडवे आले. "थोरल्या वहिनी, किसननं चोरून घेतली व्हती. ह्या पोरानं घेतली न्हाई, मायच्या शब्दावर बसलाय. अन् तुमी त्याला शिवेबाहेर काढून बाटवता? मग दहावा कोण करंल? दादांनी कोणता दवाखाना केला व्हता? मनावर घेतलं, सोडली. विचारा की दादाला."

सगळ्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. हे भिंतीला टेकून बसलेले. इतकी वर्षं लोकांनी दिलेला मोठेपणा अंगावर घेऊन बसलेला माणूस. घरात कधी बोलले नव्हते, मी बोलले तर चिडायचे. काठी टेकत उठले.

"मी सोडली न्हाई," म्हणाले.

"काय म्हणता, दादा?"

"सोडली न्हाई म्हणतो मी! ती मला पचंना झाली. पचली असती तर आजबी पिऊन पडलो असतो. अन् बापू, किसन्यानं चोरून घेतली नव्हती. माळ घातल्यापासून मी त्याच्याशेजारी हातरुण टाकून व्हतो. माझा सख्खा भाऊ. थेंब घेतला न्हाई त्यानं. थेंब न्हाई." मग काठी गजूकडं केली त्यांनी. "पोराला उचला."

तेवढ्यात गजूचे डोळे फिरले. पाटावरून पडला तो. हातपाय असे झाडायला लागला की पाट उडून गोठ्यात गेला. त्यानंतर कोणी काही विचारलं नाही. शेजारच्यांची पिकप हळद भरून बाजाराला निघाली होती. पोती तशीच, त्यावर त्याला घातलं. डोकं माझ्या मांडीवर, पाय ह्यांनी धरलेले. गावची शिव आली आणि मी पुढं बघितलं तर डायव्हरशेजारी बापूराव. काचेतून मागं बघत होते. "मी काय एकट्याला जाऊ देतो का?" म्हणाले. डोळे पुसत होते, हळदीनं असतील नाहीतर कशानं.

सगळा रस्ता मी तुझ्याशी भांडत होते, अनसे. पोराला बोलवू नको, म्हणत होते. नवरा नेलास तेवढा पुरे. असं बोलू नये, पण बोलले.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. सुया दिल्या, सलाईन लावली, हात मऊ पट्टीनं खाटेला बांधले. तिला म्हणलं, एकदम बंद केली होती. ती म्हणाली, बरं झालं सांगितलंत, बरं झालं आज आणलंत. तो शांत झोपला तेव्हा मी तिला धरलंच. आपलं भांडण तिच्यापुढं टाकलं.

"डॉक्टरीणबाई, एक सांगा. हा आजार म्हणायचा का माणसाची मर्जी?"

"आजार आहे, आजी," ती म्हणाली. "पण बरं वाटल्यावर औषध चालू ठेवायचं का नाही, इथं परत यायचं का नाही, ते मात्र त्यांनाच ठरवावं लागेल. ते मी सुईतून देऊ शकत नाही."

बापूराव लगेच म्हणाले, "म्हणजे दोनीबी बराबर?"

पण ती पुढच्या खाटेकडं गेली होती.

गजू शुद्धीवर आला ते सकाळी. मला ओळखलं. पहिलं बोलला, "मोठीमाय, मायचा दहावा?" आणि मग रडला. तू गेलीस तेव्हाही असा रडला नव्हता. "मी मनात आणलं व्हतं गं. खरंच आणलं व्हतं. काहून झालं असं?"

ऐकतेस का? तू जन्मभर म्हणालीस, त्याच्या मनातच नाही. होतं त्याच्या मनात. आणलं त्यानं, तुझ्या एका शब्दावर, कोणी न धरता. आणि त्यापायीच मरत होता. आता कोण जिंकलं सांग. मी तर खाटेशी बसून विचार करकरून थकले.

दहावा आमच्या ह्यांनी केला. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीचा दहावा केला म्हणून कुजबुज झाली. होऊ दे. तेरवीपर्यंत गजूला सोडलं घरी, गोळ्या देऊन. आणि तेरवीच्या पंगतीआधी बापूरावांनी तुझा फोटो आणला, तुळशीचं पान आणलं. "घे, गजू. मायच्या फोटोवर हात ठेव अन् शपथ घे."

त्यानं हात उचललासुद्धा. मी मधे जाऊन त्या हातात पत्रावळ दिली.

"शपथ न्हाई घ्यायची. शपथेनं एक गेलाय ह्या घरातला, दुसरा जाऊन आलाय."

"मग काय, पिऊ द्यायची?" सोनाबाई.

"गोळी खाऊ द्यायची. अन् तू बुंदी खा."

बघ, तुझ्यासारखं बोलले की नाही? पण लोकांना आवडलं नाही. थोरलीनं मायचा मान ठेवला नाही, म्हणाले. तुलाही आवडलं नसतं.

आता माझं राहिलेलं. हे तू जिवंत असताना म्हणायला गेले की तू उठून जायचीस. आता तुला उठता येत नाही, तेव्हा ऐक. किसनभाऊजींना तू मारलं नाहीस. माळ तू त्यांच्या जिवासाठी घातलीस. आम्ही जोडीला होतो. नारळ मीच घेतला होता. कुणालाही ठाऊक नव्हतं गं, तुला नाही, मला नाही, ज्यांनी माळ दिली त्यांनाही नाही. आणि त्या माणसानं तुझ्या शब्दाखातर सोडली, खरी सोडली, मरेपर्यंत शिवली नाही. हे आमच्या ह्यांनी इतकी वर्षं पोटात ठेवलं आणि तू नसताना बोलले, याचा मला अजून राग येतो. एकदा तुझ्यापुढं बोलले असते तर तू निदान नवऱ्यावर रुसणं तरी सोडलं असतंस.

हे सगळं तुला आजच का सांगायला बसले? काल एक झालं.

गजू हळद घेऊन वसमतच्या बाजाराला गेला. मी नको म्हणत होते. तो म्हणाला, "किती दिवस दाव्याला बांधशील, मोठीमाय?" गेला. दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. चांदीची धार काढताना दोनदा लाथ खाल्ली. दिवस मावळायच्या आत पिकप आली. इतकी वर्षं तो प्याला की गोठ्याच्या मागून यायचा आणि तोंडावर पांघरूण घेऊन पडायचा, तुलाच माहीत. काल समोरून आला. अंगणाच्या मधोमध उभा राहिला.

"मोठीमाय."

"काय रे?"

"घेतली मी."

मी हातातली चरवी खाली ठेवली.

"एकच घेतली, असं सांगणार व्हतो," म्हणाला. "दोन घेतल्या."

अनसे, तुझी सगळी वाक्यं माझ्या जिभेवर आली बघ. मायला जाळून किती दिवस झाले रे, म्हणणार होते. तुझ्या मनातच नाही, हेसुद्धा म्हणणार होते, मी! गिळलं सगळं. जड गेलं गिळायला.

"जेवलास का?"

"न्हाई."

भाकरी वाढली. आमच्या ह्यांनी सरकून त्याला जागा दिली. खाली मान घालून जेवला. मग ताटातच बघत म्हणाला, "उद्या दवाखान्यात येशील का माझ्यासंग? एकट्याला गाडीतून मधीच उतरावं वाटंल."

तू असतीस तर दार लावून घेतलं असतंस, आणि दाराच्या आत उपाशी बसली असतीस. मी तुला नावं ठेवत नाही. पण मला सांग, या अंगणात इतकी वर्षं इतकी माणसं पिऊन आली. तुझा, माझा, हा. त्यातल्या कुणी आपणहून येऊन सांगितलं होतं का कधी? आपण चालण्यावरून ओळखायचो, वासावरून ओळखायचो, आणि ते आपल्या तोंडावर नाही म्हणायचे. काल प्याला तो त्याचा आजार, असं मी म्हणणार. तुझ्यापुढंही म्हणेन. पण दोन म्हणून सांगितलं, ते त्यानं ठरवून सांगितलं. कोणत्या औषधानं नाही. तेवढं तुझं म्हणणं मी मानते. तेवढंच, जास्त पसरू नको.

उद्या काय होईल, मला माहीत नाही. पुन्हा घेईल, पुन्हा सांगेल, एखाद्या दिवशी सांगणारही नाही. भीती वाटते मला, तुझ्याइतकीच. फक्त तू भ्यायलीस की ओरडायचीस, मी भ्याले की बोलत सुटते.

आंघोळ करून आलाय तो. हात अजून कापून राहिलेत, शर्टाच्या गुंड्या लागंनात. मला हाक मारतोय. उठते.